माटुंग्याचे रंगारी

तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या प्रोसेस हाऊसमध्ये भांडणं बहुधा शेडवरून, म्हणजे रंगछटेवरून, होतात. गिऱ्हाइकाने पाठवलेला तुकडा आणि लॅबमध्ये रंगवलेला तुकडा लाइट बॉक्समध्ये शेजारी शेजारी ठेवतात. डी-65 दिव्याखाली, म्हणजे दिवसाच्या उजेडाची नक्कल करणाऱ्या प्रकाशात, दोन्ही मरून अगदी एकसारखे दिसतात. बटण फिरवून दुकानातल्या ट्यूबलाइटसारखा टीएल-84 लावला की त्यातला एक तपकिरीकडे झुकतो. या प्रकाराला मेटॅमेरिझम म्हणतात, आणि त्याने भल्याभल्या डाईंग मास्टरांना घाम फोडलेला आहे. मग रेसिपीतला एखादा लाल काढून दुसरा घ्यायचा, पुन्हा बीकर, पुन्हा 60 अंशांवर तासभर. हा नमुना, म्हणजे लॅब डिप, पास झाल्याशिवाय माल जिगरवर, म्हणजे रंगाईच्या यंत्रावर, चढत नाही.

हा रेसिपीचा, तापमानाचा आणि तंतूच्या रसायनाचा अभ्यास मुंबई विद्यापीठात 1 ऑक्टोबर 1933 रोजी रीतसर सुरू झाला. त्या दिवशी स्थापन झालेल्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात सुरुवातीला दोनच शाखा होत्या: वस्त्ररसायन आणि रसायन अभियांत्रिकी. पहिले प्रमुख रॉबर्ट फॉर्स्टर हे स्वतः रंगरसायनातले होते. 1943 मध्ये विभाग माटुंग्याच्या जागेत आला. पुढे सगळ्या देशात तो ‘यूडीसीटी’ म्हणून ओळखला गेला, आणि 2008 मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळून त्याची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी झाली. जुने लोक मात्र अजून यूडीसीटीच म्हणतात.

या संस्थेचं नाव निघालं की रघुनाथ माशेलकर, मनमोहन शर्मा, मुकेश अंबानी ही नावं ओळीने येतात. तिघेही रसायन अभियांत्रिकीचे. संस्था गिरण्यांच्या शहरात ज्या कापडाच्या गरजेतून उभी राहिली त्या कापडाच्या शाखेतली नावं विचारली तर बहुतेक जण थबकतात. प्रवेशफेरीतही आधी भरतात त्या रसायन अभियांत्रिकीच्याच जागा. थोरल्या जावेने घर सांभाळावं आणि कौतुक धाकटीचं व्हावं, तसं या शाखेचं झालं आहे.

माटुंग्याच्या त्याच परिसरात आणखी दोन जुनी घरं आहेत. 1887 साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त स्थापन झालेली आणि 1923 मध्ये भायखळ्याहून माटुंग्याला आलेली व्हीजेटीआय सूत आणि विणकाम शिकवायची. 1924 मध्ये शेजारीच कापसाची तंत्र-प्रयोगशाळा निघाली, आजची सिरकॉट. ती तंतूची लांबी आणि ताकद मोजायची. कापूस, सूत, रंग हा सगळा प्रवास पायी फिरून बघता येईल अशी जागा देशात दुसरी सापडणं कठीण. व्हीजेटीआयचे विद्यार्थी गिरणीत स्पिनिंग मास्टर आणि वीव्हिंग मास्टर झाले. यूडीसीटीचे विद्यार्थी गेले ते रंगखात्यात, जिथे वाफ, वास आणि ओली फरशी असायची.

1938 मध्ये कृष्णस्वामी व्यंकटरामन विभागाचे पहिले भारतीय संचालक झाले. मँचेस्टरला रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या हाताखाली शिकलेला हा माणूस मद्रासचा. लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजात असताना त्यांनी फ्लेव्होन बनवण्याची जी वाट शोधली ती आज बेकर-व्यंकटरामन पुनर्रचना म्हणून जगभरच्या रसायनाच्या पुस्तकांत आहे. फ्लेव्होन म्हणजे वनस्पतींतल्या पिवळ्या रंगद्रव्यांचं कुटुंब. तेव्हा भारतातल्या गिरण्या रंग मात्र जर्मनी, इंग्लंड आणि स्वित्झर्लंडहून आणत. कापूस इथला, घाम इथला, आणि रंगाचा डबा बोटीतून. युद्धात बोटी थांबल्या की रंगाचे भाव आभाळाला भिडत.

व्यंकटरामन यांनी 1952 मध्ये ‘द केमिस्ट्री ऑफ सिंथेटिक डाइज’ या ग्रंथाचे पहिले दोन खंड काढले. पुढे त्याचे आठ खंड झाले. परदेशी कंपन्या ज्या रेणूंची माहिती पेटंटच्या भाषेत गुंडाळून ठेवत, ती रंगांची रचना, कृती आणि गुणधर्म एका जागी मांडणारा संदर्भग्रंथ माटुंग्यात बसलेल्या माणसाने लिहावा, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. त्याच 1952 साली, मुंबईहून गुजरातेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर वलसाडजवळ, पंडित नेहरूंच्या हस्ते अतुल या रंगकारखान्याचं उद्घाटन झालं. पाठोपाठ कल्याण भागातही रंगकारखाने उभे राहिले. देशी कारखान्यांना रसायनज्ञ हवे होते, आणि रंगरसायन शिकलेली माणसं तयार करणाऱ्या जागा देशात मोजक्याच होत्या. 1957 मध्ये व्यंकटरामन पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक होऊन गेले.

व्यंकटरामन यांच्यापेक्षा कमी बोललं जातं ते जी. एम. नाबर यांच्याविषयी. पुढे विभागाचं संचालकपद सांभाळणाऱ्या नाबरांनी मँचेस्टरला शोलफील्ड आणि टर्नर यांच्याबरोबर केलेलं काम 1930 च्या दशकात इंग्लंडमधल्या रंगतज्ज्ञांच्या नियतकालिकात छापून आलं. प्रश्न वरवर घरगुती वाटावा असा होता. पिवळ्या किंवा नारिंगी काठाचं धोतर विणून झाल्यावर ब्लीच केलं की पांढरं अंग चांगलं राहतं आणि काठच आधी का विरतो? तो काठ व्हॅट रंगाने रंगवलेला असतो. हायपोक्लोराइटच्या पाण्यात त्यातले काही रंग सेल्युलोजच्या ऑक्सिडेशनला जोर देतात, म्हणजे रंगच स्वतःच्या आधाराचा धागा कुरतडायला मदत करतो. कोणता रंग धागा खातो आणि कोणता नाही, हे कळलं की गिरणीला काठासाठी रंग निवडता येतो. धोतर नेसणाऱ्याला नाबर कोण हे कधी कळलं नसेल.

शिक्षकांमध्ये तिसरं नाव व्ही. ए. शेणई यांचं. वस्त्रप्रक्रियेवर त्यांनी अनेक खंडांची इंग्रजी पुस्तकमाला लिहिली: तंतू, ब्लीचिंग आणि मर्सरायझिंग, रंगाई, छपाई. मुंबईच्या सेवक पब्लिकेशन्सने ती काढली. संशोधनाच्या तराजूत पाठ्यपुस्तकाला वजन कमी, पण डिप्लोमा करून थेट कापड ताणून वाळवणाऱ्या स्टेंटरवर उभ्या राहणाऱ्या पोराला उपयोग याच पुस्तकांचा झाला. माटुंग्याचा वर्ग ज्यांनी कधी पाहिला नाही, असेही अनेक जण शेणईंचे विद्यार्थी म्हणायला हवेत.

माजी विद्यार्थ्यांत केकी घरडा यांचं उदाहरण बोलकं आहे. 1950 मध्ये यूडीसीटीतून बी.एस्सी. टेक. झालेल्या घरडांनी अमेरिकेत पुढचं शिक्षण घेतलं, परतल्यावर स्वतःचा कारखाना काढला आणि सुरुवातीला हात घातला तो कापडछपाईत लागणाऱ्या थॅलोजन निळ्याला. हा रंग जर्मनीच्या बायर कंपनीचा शोध. घरडांनी तो इथे बनवून त्याची किंमत खाली आणली. पुढे कीटकनाशकं आणि पॉलिमरमध्ये घरडा केमिकल्स मोठी झाली, 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2024 मध्ये ते गेले. पण सुरुवात झाली ती कापडावरच्या निळ्यापासून.

18 जानेवारी 1982 रोजी गिरणी संप सुरू झाला आणि वस्त्रशाखेच्या विद्यार्थ्यांचा पत्ता बदलला. गिरणीत सूत, माग आणि रंगखातं एकाच भोंग्यावर चालायचं. ते विस्कटलं. विणकाम भिवंडी-इचलकरंजीच्या यंत्रमागांवर वाढलं आणि रंगाई स्वतंत्र प्रोसेस हाऊसमध्ये सरकली. तारापूर हे त्यातलं एक मोठं ठाणं. आधी दादर-परळला नोकरी करणारा रंगरसायनज्ञ आता तारापूरसाठी बोईसर स्टेशनला उतरू लागला. 2013 मध्ये डहाणूपर्यंत लोकल आली तेव्हा हा प्रवास जरा सुसह्य झाला. डहाणू लोकलमध्ये चढलेल्या माणसाला सुसह्य हा शब्द धाडसी वाटेल, ते सोडा.

तारापूरला आलेला रंगारी मच्छीमारांच्या दारात आला. वसाहतीतलं प्रक्रिया केलेलं सांडपाणी वाहिनीने नवापूरच्या समुद्रात जातं. तिथून दक्षिणेला आलेवाडी, नांदगाव, मुरबे आणि मग सातपाटी. सातपाटी पापलेटचं बंदर. 2023 मध्ये राज्याने पापलेटला राज्यमासा म्हणून मान्यता दिली. इथलं जाळंही वस्त्रशास्त्रातलंच एक प्रकरण आहे. सुती जाळी होती तेव्हा ती झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून ठेवत. सालीतल्या टॅनिनमुळे सेल्युलोज खाणाऱ्या जंतूंना आळा बसे, आणि जाळ्याला तांबूस रंग चढे. नायलॉन आलं आणि काढ्याची भांडी अडगळीत गेली. नायलॉन कुजत नाही, फक्त उन्हाने हळूहळू ठिसूळ होतं.

2016 मध्ये मच्छीमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने तारापूरच्या प्रदूषणाविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर देशात सर्वांत वर होतं, आणि लवादाने पुढे कारखान्यांवर पर्यावरण भरपाईची जबाबदारी टाकली. दोष एकट्या कापडाचा नाही. वसाहतीत औषधं, रसायनं, पोलाद सगळं आहे. पण रंगाच्या पाण्यामागचं रसायन वस्त्रशाखेच्या वर्गात शिकवलं जातं, म्हणून ते इथे सांगायला हवं.

सुती कापड आज मुख्यतः रिअॅक्टिव्ह रंगांनी रंगवतात. 1956 मध्ये आयसीआय कंपनीने ते बाजारात आणले. हा रंग सेल्युलोजशी रासायनिक बंध जोडतो, म्हणून धुण्याने जात नाही. गोची अशी की तो पाण्याशीही बंध जोडतो, आणि पाण्याशी जुळलेला रंग कापडाच्या कामाचा राहत नाही. तो नाल्याला जातो. शिवाय पाण्यात कापसावर ऋण भार, रंगावरही ऋण भार, दोघं एकमेकांना लोटतात. त्यांना जवळ आणायला मीठ घालतात. लिटरला 60 ग्रॅम मीठ आणि किलोभर कापडाला आठ लिटर पाणी धरलं तर किलोमागे जवळपास अर्धा किलो मीठ होतं. समुद्राला मिठाचं काय कौतुक, असं कोणी म्हणेल. पण ते पाणी आधी प्रक्रिया केंद्रात जातं, आणि खारटपणा वाढला की घाण खाणारे तिथले जिवाणू मंदावतात. मिठाबरोबर मग न विरघळलेले इतर प्रश्नही पुढे वाहतात.

यावर माटुंग्यासह जगभरच्या वस्त्र-प्रयोगशाळांत काम चाललं आहे. कापसावर आधीच धन भार बसवला, म्हणजे कॅटायनिक केला, तर रंग आपणहून ओढला जातो आणि मीठ जवळजवळ लागत नाही. अडचण समान रंग बसण्याची. घाईत ओढलेला रंग डाग पाडतो. माटुंग्यातले प्रा. एम. डी. तेली आणि त्यांचे विद्यार्थी जावेद शेख यांनी बांबू रेयॉनवर ग्राफ्टिंग करून त्याला जंतुरोधक गुण दिले आणि त्याची रंग घेण्याची क्षमता बदलली; शेख पुढे आयआयटी दिल्लीत शिकवू लागले. विभागात नैसर्गिक रंगांवरही शोधनिबंध निघतात. ज्या पिवळ्या वनस्पती-रंगद्रव्यांच्या रसायनाने व्यंकटरामन यांचं नाव झालं, त्यांच्याकडे रंगारी पुन्हा वळले आहेत, या खेपेला कापड घेऊन.

प्रयोगशाळेतला बीकर आणि तारापूरचं मशीन यांच्यामध्ये मात्र हिशेबाची वही आहे. प्रोसेस हाऊसचं बरंचसं काम जॉबवर्कचं. दर मीटरवर ठरतो आणि घासाघीस पैशांत होते. मीठ स्वस्त आणि कॅटायनिक करायचं रसायन महाग. खारट पाणी आरओ आणि बाष्पीभवनातून काढण्याचा खर्च त्याहून महाग, पण तो मीटरच्या दरात क्वचितच पुरता धरला जातो. माटुंग्यात एम.टेक. करणाऱ्याने आपल्या प्रबंधाच्या शेवटी सांडपाण्यासकट प्रति मीटर खर्चाचं कोष्टक जोडलं, तर बोईसरचा मालक निदान ते एक पान तरी उघडून पाहील.