कॅमेऱ्याचं नवीन वर्ष आणि भंडारदरा

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की हॉस्टेलवर दोन याद्या हमखास तयार होतात. एक राहिलेल्या विषयांची आणि दुसरी नवीन वर्षाच्या संकल्पांची. ज्याच्याकडे कॅमेरा आहे (किंवा ज्याचा रूममेट कॅमेरा देतो) त्याच्या दुसऱ्या यादीत तीन गोष्टी ठरलेल्या असतात. रोज एक फोटो काढायचा, नवी लेन्स घ्यायची आणि पावसाच्या तोंडावर भंडारदऱ्याला जाऊन काजव्यांचा 'तो' फोटो काढायचा. मित्रांनो, या तिन्ही संकल्पांवर मला थोडं बोलायचं आहे.

रोज एक फोटो हा संकल्प जगभर लोकप्रिय आहे, पण तो सेमिस्टर पॅटर्नसाठी बनलेला नाही. आमच्या मजल्यावर एकाने घेतला होता. पहिले पंधरा दिवस सूर्योदय, धुकं, कॅन्टीनचा चहा. मग सबमिशन आलं. मेसचं ताट, पंखा, पुन्हा मेसचं ताट आणि मग बंद. लेन्सबद्दल तर काय बोलायचं, ती खरेदी आहे, संकल्प नव्हे. घरून पैसे आले की होईल.

मग संकल्प करायचाच नाही का? करायचा, पण मोजता येईल आणि आपल्या वेळापत्रकात बसेल असा. माझं म्हणणं असं की एकच जागा निवडावी आणि वर्षातून चार वेळा तिथेच जावं. त्याच दगडावर उभं राहून तीच फ्रेम घ्यायची. संगमनेर, अकोले, राजूर अशी एसटी धरली की शेंडीला उतरता येतं, म्हणून मी भंडारदरा म्हणतोय. शिवाय दर ऋतूत इतकी बदलणारी दुसरी जागा आपल्या जिल्ह्यात शोधून सापडणार नाही.

आधी पाण्याचंच बघा. प्रवरेवरचं हे विल्सन धरण १९१० मध्ये बांधायला घेतलं आणि १९२६ च्या डिसेंबरात त्याचं उद्घाटन झालं. आपल्या भागातल्या उसाला याच धरणाचं पाणी. साधारण ११ टीएमसीचा हा जलाशय ऑगस्टमध्ये काठोकाठ येतो आणि मेपर्यंत इतका खाली जातो की ऑगस्टमध्ये जिथे होडी चालत होती तिथे चिखलाला भेगा पडलेल्या दिसतात. त्याच जागेवरून घेतलेले हे दोन फोटो शेजारी ठेवले की सिंचनाचं एक लेक्चर वाचतं. (धरणाच्या भिंतीवर जाता येईलच असं धरून चालू नका. काठावरची जागा ठरवा आणि खूण लक्षात ठेवा.)

आता उजेड. 'सूर्य पूर्वेला उगवतो' हे आपण शाळेत शिकलो, पण भंडारदऱ्याच्या अक्षांशावर तो डिसेंबरात पूर्वेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेला उगवतो आणि जूनमध्ये तेवढाच उत्तरेला. म्हणजे वर्षभरात ५० अंशांचा फरक. रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिराच्या कोरीवकामावर हा फरक डोळ्यांना दिसतो. दगडावरची नक्षी तिरप्या उजेडात उठून दिसते. डिसेंबर-जानेवारीत दक्षिणेकडची बाजू तासन्‌तास उजळलेली असते आणि उत्तरेची सावलीत. मेच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो आणि त्यानंतर चक्क उत्तरेकडून तळपतो. जी बाजू जानेवारीत काळी दिसली, तिचा फोटो तेव्हा मिळतो. एका भेटीत चारही बाजू उरकणाऱ्याला हे कळणार कसं?

ऑगस्टची भेट पाण्यासाठी. सगळ्यांना धबधबा दुधासारखा हवा असतो आणि त्यासाठी काळा फिल्टर घ्यावा लागतो असा समज आहे. हिशोब करून बघू. भर उन्हात आयएसओ १०० आणि एफ/१६ ला शटर साधारण १/१२५ सेकंद येतो. दाट ढगांमुळे उजेड तीन स्टॉपने, म्हणजे आठपट कमी होतो. शटर आला १/१५ वर. एफ/२२ केलं तर १/८. वाहतं पाणी मऊ दिसायला एवढं पुरतं, मग फिल्टर कशाला? एफ/२२ ला चित्र किंचित मऊ पडतं, ते चालवून घ्यायचं. कॅमेरा मात्र स्थिर हवा. ट्रायपॉड नसेल तर सॅक आणि दोन सेकंदांचा टायमर. मोबाईलवाल्यांना बहुधा छिद्र लहान करता येत नाही, त्यांनी संध्याकाळची वाट पाहावी. अंब्रेला फॉल धरणातून पाणी सोडलं तरच दिसतो, त्यामुळे तो यादीत लिहू नका, दिसला तर बोनस. आणि रंधा धबधब्याच्या ओल्या खडकावर चांगल्या कोनासाठी एकही पाऊल पुढे टाकू नका.

मार्चची भेट अमावास्येच्या आसपास, पहाटे आकाशगंगेसाठी. किट लेन्सवाल्यांसाठी सूत्र: ५०० भागिले फोकल लेन्थ. १८ मिमीची लेन्स आपल्या छोट्या सेन्सरवर २७ मिमीसारखी वागते, म्हणून साधारण १८ सेकंद. त्यापेक्षा जास्त ठेवलं की पृथ्वी फिरते हे सिद्ध होतं आणि ताऱ्यांच्या रेघा येतात.

राहिला काजव्यांचा फोटो. इथे माझं मत जरा कडक आहे. मेअखेर आणि जूनच्या सुरुवातीला हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे लुकलुकतात आणि जोराचा पाऊस लागला की दिसेनासे होतात. वर्षातले जेमतेम दोन-तीन आठवडे. तेवढ्यात त्यांना जोडीदार शोधायचा असतो आणि तो प्रकाश म्हणजे त्यांचं बोलणं. गाडीचा हेडलाईट, टॉर्च, मोबाईलचा फ्लॅश, यातलं काहीही लागलं की ते बोलणं तुटतं. अंडी आणि अळ्या झाडाखालच्या मातीत, पाचोळ्यात असतात, आणि 'जरा जवळून' म्हणत आपण नेमके तिथेच बूट घालून फिरतो. हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. शिवाय एकाच झाडावर हजारो ठिपके दिसणारा तो फोटो बहुतेक वेळा एक फोटो नसतोच. कॅमेरा न हलवता २०-३० सेकंदांच्या अनेक फ्रेम्स घेऊन त्या नंतर एकावर एक चढवलेल्या असतात. त्यात वाईट काही नाही, पण खाली तसं लिहावं. नाहीतर बघणारा तेवढे काजवे शोधत येतो, गर्दी वाढते, आणि न दिसल्यामुळे अजून आत घुसतो.

तरी जायचंच असेल तर दिवसाउजेडी पोहोचा, उजेड असताना फोकस लावून त्यावर चिकटपट्टी मारा, स्क्रीनचा ब्राईटनेस शून्यावर आणा आणि रस्ता सोडू नका. गाडी लांब उभी करून चालत जा. फ्रेम मिळाली नाही तर मिळाली नाही. तेव्हा परीक्षाही असतात, त्यामुळे बऱ्याच जणांचा प्रश्न विद्यापीठच सोडवेल.

अजून एक कलम यादीत घाला, बहुतेक जण ते विसरतात. ऑगस्टमध्ये रतनवाडीकडे जाताना भातलावणी उरकत आलेली असते आणि आपण रस्त्यावरून लावणी करणाऱ्या मावशींचे फोटो काढतो. इथल्या महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांचे आजवर किती फोटो निघाले असतील, आणि त्यांच्या भिंतीवर त्यातले किती लागले असतील? आधी विचारा. 'नको' म्हणाल्या तर कॅमेरा खाली. 'काढ' म्हणाल्या तर नाव, वाडी लिहून घ्या. डिसेंबरच्या भेटीला जाताना एका पाकिटात चार बाय सहाच्या प्रिंट घेऊन जा. वाडीत विचारत विचारत घर शोधावं लागेल, त्याला अर्धा दिवस धरा.