दारू पिऊन गाडी चालवल्याचा खटला कुठे शोधाल?

मोटार वाहन कायद्याचं कलम १८५. श्वासचाचणीत १०० मिलिलिटर रक्तामागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघालं, की हे कलम लागतं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही.

खटल्याची नोंद ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येते. राज्य, जिल्हा, न्यायालय संकुल निवडायचं, पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकायचं. खटल्याचा १६ अंक-अक्षरी सीएनआर क्रमांक हाती असेल तर तेवढाही खटाटोप नको. नाव इंग्रजीत शोधताना एकाच स्पेलिंगवर थांबू नका. चौधरी, दीक्षित ही आडनावं तीन-तीन तऱ्हांनी लिहिली जातात. प्रमाणित प्रतीसाठी मात्र कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करावा लागतो.

नुसतं नाव जुळलं म्हणून शेजाऱ्यावर शिक्का मारू नका. आधी निकाल वाचा.