विंडोज टाकून देतो, काका

२०२५ मध्ये वसुबारस १७ ऑक्टोबरला होती. तिच्या तीन दिवस आधी, १४ तारखेला, विंडोज १० चा आधार संपला. दिवाळी अंकाची शेवटची पानं छापखान्यात पोचली होती, मी पाय पसरून चहा घेत होतो आणि दुरुस्तीला येणारा मुलगा मशीनपाशी उकिडवा बसला होता. म्हणाला, "काका, यावर अकरा बसत नाही. नवीन घेऊन टाका."

मशीन २०१६ चं. मधे त्यात एसएसडी बसवली, रॅम आठ जीबी केली. पाचशे पानांचं पुस्तक न कुरकुरता उघडतं. पण विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो आठव्या पिढीचा किंवा पुढचा. माझा सहाव्या पिढीचा. धडधाकट माणसाला जन्मतारीख बघून घरी बसवावं, तसं झालं.

सांगलीत अक्षरजुळणीचं दुकान टाकून मला २९ वर्षं झाली. विंडोज बदलायचं का, हा प्रश्न या काळात पाच-सहा वेळा दारात आला. मी दरवेळी घासाघीस केली, कधी चुकलो, एकदा तर सपशेल तोंडावर पडलो. पण हो-नाही म्हणणारा मीच होतो. या वेळी मला कुणी विचारलंच नाही.

पहिल्या पाच-सहा वर्षांचं सांगण्यासारखं फार नाही. दुकान उघडलं तेव्हा विंडोज ९५ होतं, मग ९८ आलं, तेही टाकलं. पेजमेकर उघडायचं, मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर चालू करायचं, मजकूर बडवायचा, ट्रेसिंग काढून ऑफसेटवाल्याकडे पोचवायचं. पडदा दिवसातून दोनदा निळा व्हायचा, म्हणून आम्ही वीसदा सेव्ह करायचो. एमई नावाचं एक विंडोज मधे येऊन गेलं. ते वापरणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही.

खरा काळ एक्सपीचा. ते २५ ऑक्टोबर २००१ ला बाजारात आलं, आमच्या दुकानात पोचायला २००३ उजाडलं. सीडी कुठून आली हे विचारायची तेव्हा पद्धत नव्हती. एमएस-सीआयटी करणारी पोरं-पोरी, प्रमोशनसाठी सर्टिफिकेट लागणारे हेडक्लार्क, सगळे त्याच निळ्या पट्टीवर आणि हिरव्या स्टार्ट बटणावर माऊस धरायला शिकले. पडद्यावरची ती हिरवी टेकडी कॅलिफोर्नियात सोनोमा इथली, चार्ल्स ओरिअर यांनी १९९६ मध्ये टिपलेली. आमच्या एका गिऱ्हाइकाची मात्र खात्री होती की ती पन्हाळ्याच्या वाटेवरची आहे, आणि तो ती जागा दाखवायलाही तयार होता.

२००५ च्या महापुरात आम्ही दोन्ही सीपीयू चादरीत गुंडाळून माळ्यावर चढवले. भारनियमनाच्या दिवसांत रात्री वीज येईल तेव्हा उठून प्रुफं लावली. यूपीएसची शिट्टी सुरू झाली की पाच मिनिटांत पान संपवायचं. एवढ्या हालात ते एक्सपी टिकलं. २००७ च्या जानेवारीत व्हिस्टा आलं, तेव्हा नवं मशीन घेणारे लोक दुकानदाराला सांगायचे, "व्हिस्टा काढा, एक्सपी टाका." मागे जायला लोक खुशीत पैसे देत होते. तसं मी परत पाहिलं नाही.

पण त्या काळाच्या प्रेमात मी एक गोष्ट लपवणार नाही. एक्सपीत मराठी आधीपासून होती, आणि आम्ही तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये भाषांच्या पानावर एक चौकट असायची: क्लिष्ट लिप्या आणि उजवीकडून लिहिल्या जाणाऱ्या भाषा, कंसात थाईसह. अरबी आणि थाईच्या रांगेत आपली मराठी. तिथे टिचकी मारायची, मागेल तेव्हा सीडी घालायची, मशीन पुन्हा चालू करायचं, की मंगल फॉन्टात युनिकोड मराठी उमटायची. इन्स्क्रिप्टवर शिफ्ट-जे, डी आणि पुढे तिरकी रेघ दाबली की दऱ्याखोऱ्यांतला ‘ऱ्य’ मिळायचा. तरी आमच्या धंद्यातली जाणती मंडळी ठासून सांगायची, "युनिकोड ईमेलपुरतं ठीक. पुस्तक त्यात व्हायचं नाही." अगदीच खोटं नव्हतं ते; पेजमेकरला युनिकोड कळत नव्हतं. पण त्या एका वाक्यावर फॉन्ट विकणाऱ्यांनी दहा वर्षं धंदा केला. प्रत्येकाची अक्षरं वेगळ्या घरात, एकाचा ‘क’ दुसऱ्याकडे ‘ढ’. मजकूर आपला, पण तो वाचायची किल्ली त्यांच्याकडे. आणि ती किल्ली खरोखरच होती: प्रिंटरच्या पोर्टला लावायचं डोंगल. मीही मान डोलावली, हे मान्य करतो.

त्याची शिक्षा २०१२ च्या सप्टेंबरात मिळाली. विंडोज ७ चं सगळीकडे कौतुक होतं, मलाही हाव सुटली. दोनपैकी एक मशीन बदलायचं ठरवलं. तेव्हाचा दुरुस्तीवाला म्हणाला, "फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो, काका. डेटा डी ड्राइव्हला आहे ना? मग झालं." टाकून देणे या क्रियापदाचे दोन्ही अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळले. नव्या मदरबोर्डला प्रिंटरचं जुनं पोर्टच नव्हतं, विंडोज ६४ बिटी, आणि फॉन्टचं सॉफ्टवेअर त्यावर उघडेना. फायली जागच्या जागी होत्या. उघडल्या की इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि डॉलरची चिन्हं.

त्यात एका निवृत्त शिक्षकांचा गावचा इतिहास होता, तीनशेच्या वर पानं. सर छत्री झटकत प्रुफं न्यायला आले. मी म्हणालो, "सर, पानं आहेत, पण वाचता येत नाहीत." ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आमच्या गावचे जुने मोडी कागदही असेच आहेत."

फॉन्ट कंपनीला फोन केला. उत्तर आलं, ती आवृत्ती बंद झाली, नवीन घ्या. शेवटी तारलं ते दुसऱ्या, न बदललेल्या एक्सपीनं. डोंगल त्याला लावलं, मजकूर बाहेर काढला, कन्व्हर्टरमधून युनिकोडात आणला. त्यात रफार भलत्या अक्षरावर चढले, ‘ऱ्य’ फुटले. दोन वेळा अक्षर न् अक्षर वाचून काढलं. सरांचं पुस्तक दिवाळीला यायचं, ते संक्रांतीला आलं.

८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा आधार संपला, बाजारात आल्यापासून साडेबारा वर्षांनी. मी त्या मशीनची नेटची वायर काढली आणि ते कोपऱ्यात ठेवलं.

पुढचं थोडक्यात. विंडोज ८ मधून स्टार्ट बटण गेलं आणि लोक मशीन बंद कसं करायचं हे फोनवर विचारू लागले. २९ जुलै २०१५ ला १० आलं, ७ आणि ८.१ वाल्यांना वर्षभर फुकट. हीच शेवटची आवृत्ती, असं कंपनीचा एक माणूस तेव्हा जाहीरपणे बोलून गेला होता. आम्ही ते खरं धरलं. नंतरची नऊ-दहा वर्षं सुखाची गेली, म्हणून त्यांच्याबद्दल सांगायला काही नाही.

आता निर्णयाचं. पुतण्या म्हणतो लिनक्स टाका. पण ज्या सॉफ्टवेअरवर माझी पानं लागतात ते तिथे चालत नाही. घरगुती वापरासाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंत वर्षभराची मुदतवाढ आहे, ती मी घेतली. त्यानंतर हे मशीनही नेटवरून उतरेल, आणि बँकेच्या, जीएसटीच्या कामाला नवं येईल. सुरक्षेच्या दुरुस्त्या बंद झालेल्या मशीनवरून पैशाचे व्यवहार करू नयेत, एवढं मला पटतं. चालत्या मशीनला भंगारात काढायचं मात्र पटत नाही, आणि ते कुणी पटवून द्यायच्या भानगडीतही पडलेलं नाही.

वाचकहो, तुमच्याकडेही कुणीतरी येईल आणि टाकून देतो म्हणेल. होकार देण्याआधी जुनं फोल्डर उघडा. आईची पत्रं असतील, संस्थेचे अहवाल असतील, अर्धवट राहिलेली कादंबरी असेल. जे एकाच फॉन्टात वाचता येतं ते आधी युनिकोडात आणा, कागदावर एक प्रत काढा. मग काय बसवायचं ते बसवा.

कोपऱ्यातलं एक्सपी अजून चालतं. त्यात ४१ फायली उरल्या आहेत. रोज जेवण झाल्यावर एक काढतो.