पूरक व पर्यायी वैद्यक

पूरक व पर्यायी वैद्यक : आधुनिक वैद्यकाच्या (ॲलोपॅथीच्या) नेहमीच्या उपचारांत ज्यांचा समावेश होत नाही, अशा चिकित्सापद्धतींना एकत्रितपणे दिलेली संज्ञा. आयुर्वेद, युनानी, सिद्ध, होमिओपॅथी, निसर्गोपचार, योगोपचार, चिनी सूचिचिकित्सा (ॲक्युपंक्चर), अस्थिसंधिहस्तोपचार (कायरोप्रॅक्टिक) इ. पद्धतींचा तीत अंतर्भाव होतो. या पद्धतींचे सिद्धांत परस्परांहून भिन्न आहेत. ‘आधुनिक वैद्यकाबाहेरील’ एवढेच त्यांतील साम्य असल्यामुळे त्या सर्वांविषयी एकच विधान करणे शक्य नसते.

‘पूरक’ व ‘पर्यायी’ या विशेषणांतील भेद महत्त्वाचा आहे. आधुनिक उपचार चालू ठेवून त्यांच्या जोडीला दुसरी पद्धती वापरली जाते तेव्हा ती पूरक ठरते. आधुनिक उपचार नाकारून किंवा थांबवून त्यांच्या जागी ती वापरली की पर्यायी ठरते. म्हणजे हा भेद औषधाचा नसून ते वापरण्याच्या रीतीचा आहे. एकच काढा एका रुग्णाच्या बाबतीत पूरक, तर दुसऱ्याच्या बाबतीत पर्यायी असू शकतो. दोन्ही पद्धतींचा विचारपूर्वक मेळ घालण्यास एकात्मिक वैद्यक असे म्हणतात.

भारतातील स्थिती : पाश्चात्त्य देशांत रूढ झालेली ही संज्ञा भारतीय परिस्थितीला पूर्णपणे लागू पडत नाही. भारतात आयुर्वेद, युनानी, सिद्ध व होमिओपॅथी यांना कायद्याने मान्यता असून त्यांची स्वतंत्र महाविद्यालये, पदव्या व नोंदणीपुस्तके आहेत. चोप्रा समितीने १९४८ मध्ये भारतीय व पाश्चात्त्य वैद्यकांच्या एकीकरणाची शिफारस केली होती. त्यातून निघालेल्या मिश्र अभ्यासक्रमांवरून ‘शुद्ध’ आयुर्वेदाचे पुरस्कर्ते व मिश्र पद्धतीचे समर्थक यांच्यात दीर्घकाळ वाद चालला. भारतीय वैद्यक केंद्रीय परिषद अधिनियम (१९७०) व होमिओपॅथी केंद्रीय परिषद अधिनियम (१९७३) यांनी शिक्षणात एकसूत्रता आणली. २०२० मध्ये त्यांच्या जागी राष्ट्रीय आयोग स्थापन करणारे नवे कायदे करण्यात आले. केंद्र शासनात १९९५ मध्ये या पद्धतींसाठी स्वतंत्र विभाग निर्माण झाला. २००३ मध्ये त्याला ‘आयुष’ हे नाव मिळाले आणि २०१४ मध्ये त्याचे मंत्रालयात रूपांतर झाले.

एका पद्धतीच्या पदवीधराने दुसऱ्या पद्धतीची औषधे द्यावीत की नाही, हा प्रश्न मात्र वादग्रस्त राहिला आहे. मुंबईतील एका प्रकरणात होमिओपॅथीच्या चिकित्सकाने आधुनिक औषधे दिलेला रुग्ण दगावला. जी पद्धती आपण शिकलो नाही तिची औषधे देणे हाच निष्काळजीपणा होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये त्या प्रकरणी दिला. महाराष्ट्रात २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून, आधुनिक औषधिविज्ञानाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या होमिओपॅथी पदवीधरांना मर्यादित प्रमाणात आधुनिक औषधे देण्याची मुभा ठेवण्यात आली. आयुर्वेदाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ५८ प्रकारच्या शस्त्रक्रियांचे शिक्षण देण्याविषयीची अधिसूचना २०२० मध्ये निघाली. या दोन्ही तरतुदींना आधुनिक वैद्यकाच्या संघटनांनी विरोध केला. ग्रामीण भागातील डॉक्टरांची उणीव भरून निघेल, असा समर्थकांचा युक्तिवाद होता.

परिणामकारकतेची कसोटी : परंपरागत उपचाराची उपयुक्तता केवळ प्राचीनत्वावरून सिद्ध होत नाही, तशीच केवळ त्यावरून नाकारताही येत नाही. पुढील तीन उदाहरणांवरून हे स्पष्ट होते.

सर्पगंधेची मुळे भारतात उन्माद व निद्रानाश यांवर फार पूर्वीपासून वापरली जात. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये तिचा रक्तदाब कमी करण्याचा गुण नोंदविला. मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरील अनुभव ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केल्यावर जगाचे लक्ष या वनस्पतीकडे वेधले गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी तिच्यातील रेसर्पीन हे कार्यकारी द्रव्य वेगळे केले. पुढे अधिक सुरक्षित औषधे उपलब्ध झाल्याने त्याचा वापर मागे पडला.

सुश्रुतसंहितेत वर्णिलेल्या क्षारसूत्राचा भगंदरावरील उपयोग भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने शस्त्रक्रियेशी तुलना करून तपासला (१९९१). क्षारसूत्राने जखम भरण्यास सु. ८ आठवडे, तर शस्त्रक्रियेनंतर सु. ४ आठवडे लागले. परंतु एका वर्षात रोग उलटण्याचे प्रमाण क्षारसूत्राच्या बाबतीत ४ टक्के, तर शस्त्रक्रियेच्या बाबतीत ११ टक्के आढळले. उलटपक्षी, रक्तातील मेदावर गुणकारी मानलेल्या गुग्गुळाच्या अर्काची अमेरिकेत नियंत्रित चाचणी झाली (२००३), तेव्हा अपायकारक कोलेस्टेरॉल कमी न होता थोडे वाढल्याचे दिसून आले.

अन्य पद्धतींबाबतही निष्कर्ष संमिश्र आहेत. जुनाट कंबरदुखीवर योग व सूचिचिकित्सा यांचा विचार करावा, असे अमेरिकेतील वैद्यांच्या प्रमुख संघटनेने २०१७ मध्ये सुचविले. होमिओपॅथी कोणत्याही विकारावर परिणामकारक असल्याचा विश्वसनीय पुरावा मिळत नाही, असा निष्कर्ष ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये काढला.

नियंत्रित चाचणीची गरज का भासते, हे काविळीच्या उदाहरणावरून समजते. महाराष्ट्राच्या अनेक भागांत ‘कावीळ उतरविणारे’ वैदू आढळतात. विषाणुजन्य यकृतशोथाचा अ प्रकार बहुतेक रुग्णांत काही आठवड्यांत आपोआप बरा होतो आणि त्याचे श्रेय वैदूच्या औषधाला मिळते. परंतु पित्ताश्मरी किंवा अर्बुद यांमुळे पित्तनलिका बंद होऊन झालेली कावीळ आपोआप उतरत नाही. अशा रुग्णाचे डोळे तितकेच पिवळे दिसतात; मात्र औषधाची वाट पाहण्यात शस्त्रक्रियेची वेळ निघून जाते. म्हणून चिकित्सा कोणतीही असो, रोगनिदान आधी झाले पाहिजे.

संभाव्य धोके : पूरक उपचारांपासून होणारे अपाय तीन प्रकारचे असतात. पहिला अपाय औषधाच्या अंगभूत गुणांमुळे किंवा त्यातील भेसळीमुळे होतो. बेल्जियममध्ये १९९०च्या सुमारास वजन घटविण्याच्या औषधात एका चिनी वनस्पतीच्या जागी ॲरिस्टोलोकिया प्रजातीतील वनस्पती वापरली गेल्यामुळे अनेक स्त्रियांची वृक्के निकामी झाली. त्यांपैकी काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. बॉस्टन येथील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले (२००४). रसशास्त्रात धातूंची भस्मे हेतुपुरस्सर वापरली जातात; त्यामुळे त्यांची शुद्धी व मात्रा यांची तपासणी विशेष महत्त्वाची ठरते. कोविड-१९ च्या साथीत गुळवेलीचा वापर वाढल्यावर मुंबईतील यकृततज्ज्ञांनी यकृतास इजा झालेल्या रुग्णांची नोंद केली (२०२१). आयुष मंत्रालयाने मात्र त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला.

दुसरा अपाय दोन औषधांच्या परस्परक्रियेमुळे होतो. यूरोपात खिन्नतेवर वापरली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती यकृतातील एंझाइमांची क्रिया वाढविते. परिणामी सायक्लोस्पोरीन, गर्भनिरोधक गोळ्या इत्यादींचे रक्तातील प्रमाण घटते. हृदयारोपण झालेल्या दोन रुग्णांच्या शरीरांनी त्यामुळे नवे हृदय नाकारण्यास प्रारंभ केल्याचे झुरिक येथून २००० मध्ये कळविण्यात आले. घरोघरी परिचित असलेल्या पदार्थांबाबतही सावधगिरी आवश्यक आहे. ज्येष्ठमध दीर्घकाळ व अधिक प्रमाणात घेतल्यास रक्तदाब वाढतो व रक्तातील पोटॅशियम घटते. डिजॉक्सिन घेणाऱ्या हृद्रोग्यास ते धोक्याचे असते. मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर कारल्याचा रस घेतल्यास रक्तशर्करा प्रमाणाबाहेर उतरू शकते.

तिसरा व सर्वांत गंभीर अपाय म्हणजे परिणामकारक उपचार लांबणीवर पडणे किंवा सुटणे. अमेरिकेतील नोंदींच्या आधारे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांतून हे प्रकर्षाने दिसते. पहिल्यात कर्करोग शरीरात इतरत्र पसरण्यापूर्वी केवळ पर्यायी उपचार स्वीकारलेल्या २८१ रुग्णांची पाहणी झाली. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेने त्यांच्यातील मृत्यूचा धोका अडीच पट, तर स्तनकर्करोगात साडेपाच पटींहून अधिक आढळला. दुसऱ्यात किमान एक आधुनिक उपचार घेऊन त्याच्या जोडीला पूरक उपचार घेणाऱ्या २५८ रुग्णांचा समावेश होता. त्यांच्यातही मृत्यूचा धोका सु. दुप्पट होता, परंतु शस्त्रक्रिया, रासायनिक चिकित्सा वा प्रारणचिकित्सा नाकारण्याचे प्रमाण हिशोबात घेताच हा फरक उरला नाही. यावरून धोक्याचे मुख्य कारण पूरक औषध नसून त्याच्या आधाराने आवश्यक उपचारांचा केलेला त्याग हे होते, असे अनुमान निघते. क्षयरोग, मधुमेह, अपस्मार यांवरील औषधे मध्येच बंद करणे किंवा सर्पदंशानंतर प्रतिविष घेण्याऐवजी मांत्रिकाकडे जाणे, हे याच प्रकारचे धोके होत.

नियंत्रण व समन्वय : भारतात औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम (१९४०) आयुर्वेदीय, सिद्ध व युनानी औषधांच्या निर्मितीसही लागू आहे. असाध्य रोग बरे करण्याच्या चमत्कारिक दाव्यांना १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याने आळा घातला आहे.

मात्र कायद्याहून अधिक महत्त्व रुग्ण व चिकित्सक यांच्यातील मोकळ्या संवादाला आहे. डॉक्टर रागावतील या भीतीने अनेक रुग्ण काढा, भस्म किंवा चूर्ण घेत असल्याचे सांगत नाहीत. डॉक्टरही पुष्कळदा विचारीत नाहीत. अशा वेळी दोन पद्धती एकाच शरीरात एकमेकींच्या नकळत कार्य करू लागतात. म्हणून रुग्ण घेत असलेल्या सर्व औषधांची नोंद दोन्ही चिकित्सकांकडे असणे, शस्त्रक्रियेपूर्वी ती भूलतज्ज्ञास दाखविणे, चालू औषध संबंधित डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून बंद न करणे आणि ठरावीक मुदतीत गुण न आल्यास निदानाचा फेरविचार करणे, ही पथ्ये पाळावी लागतात. ती पाळली गेल्यासच पूरक चिकित्सा खऱ्या अर्थाने पूरक ठरते. [⟶ आयुर्वेद, निसर्गोपचार, होमिओपॅथी].