चौकटीबाहेरचा कूलिन

उंचीच्या हिशेबात स्काय बेटावरचा कूलिन अगदीच किरकोळ. स्कॉटलंडच्या या डोंगररांगेचं सर्वोच्च शिखर स्गूर अलास्डेर ९९२ मीटर. आपलं कळसूबाई १६४६. तरी फोटोत तो छातीत धडकी भरवतो, कारण त्याची चढाई सुरू होते ती थेट समुद्रसपाटीपासून. पठाराचा आयता टेकू त्याला नाही.

सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी, उत्तर अटलांटिक उघडत असताना, इथे ज्वालामुखी जागे होते. बेटाच्या उत्तर भागात बेसाल्टचे थर पायऱ्या-पायऱ्यांनी पसरले. सह्याद्रीत पाय झिजवलेल्या माणसाला तिथे परकं वाटत नाही. आपल्या दख्खनचा लाव्हा त्याहून थोडा आधीचा. कूलिन मात्र पोटातला दगड. शिलारस जमिनीखालीच अडकला, सावकाश निवला, म्हणून त्याचे स्फटिक जाडे झाले. हा गॅब्रो. वरचं आवरण झिजलं, हिमनद्यांनी कडे तासले आणि करवतीसारखी धार उरली. गॅब्रो इतका खरखरीत की भर पावसातही बुटाला धरून ठेवतो, आणि बोटांची सालपटं काढतो. पण त्यातून बेसाल्टच्या पट्ट्या आरपार गेल्या आहेत. त्या भिजल्या की घसरलाच म्हणून समजा. शिवाय दगडात मॅग्नेटाइट असल्यामुळे धुक्यात होकायंत्रही खुशाल खोटं बोलतं.

हा काळा दगड कॅमेऱ्यालाही फसवतो. समोर काळोख दिसला की लाइट मीटर उजेड वाढवायला बघतो. मग कडे राखाडी होतात आणि आकाश पांढरंफटक. एक्स्पोजर मुद्दाम कमी ठेवावं लागतं. सर उघडून गेली की ओल्या कड्यांवर चंदेरी झळाळी येते, पण दोन-चार मिनिटांपुरतीच. तोवर लेन्सवरचे थेंब पुसून झाले तर फोटो मिळतो.

सगळ्यात जास्त फोटो निघतात ते स्लिगाखनच्या जुन्या दगडी पुलावरून. खाली ओढा, मागे स्गूर नन गिल्यानचे सुळके. पाठ वळवली की मोठा रस्ता, हॉटेल, उभ्या मोटारी. हे सगळं फोटोबाहेर राहतं, आणि माझ्या मते कूलिनच्या छायाचित्रांची खरी गोष्ट तिथेच आहे. निर्जन, आदिम डोंगर दाखवायची सवय इतकी मुरली आहे की इथली माणसं आपोआप कापली जातात.

पुलाजवळच ब्राँझचे दोन पुतळे आहेत: गिर्यारोहक-रसायनशास्त्रज्ञ नॉर्मन कॉली आणि स्थानिक वाटाड्या जॉन मॅकेन्झी. दोघांच्या नावाचं एकेक शिखर कूलिनवर आहे. तिसरा माणूस मात्र पुतळ्यात नाही. १८९९ साली चार्ल्स ब्रूस या लष्करी अधिकाऱ्याबरोबर हरकबीर थापा हा गुरखा शिपाई इथे आला होता. हॉटेलसमोरचा ७७५ मीटरचा ग्लामेग चढून परत यायला त्याला सव्वा तास लागला. जमीनदार मॅक्लाउडचा विश्वास बसेना. हरकबीर पुन्हा धावला, तेही अनवाणी असं सांगतात: वर जायला ३७ मिनिटं, उतरायला १८. तो उतार म्हणजे सुट्या दगडांची घसरण आहे; बूट घालूनही तिथे माणूस बसत-बसत उतरतो. त्याच्या आठवणीत आता दर उन्हाळ्यात तिथे शर्यत होते.

ग्लामेगसमोर, खाडीच्या पलीकडे बेन ली नावाची बुटकी, गवताळ टेकडी आहे. तिच्याकडे कुणी लेन्स वळवत नाही. पण ब्रेज भागातल्या शेतकऱ्यांनी हिच्या चराईहक्कासाठीच मालकाशी झगडा मांडला. एप्रिल १८८२ मध्ये ग्लासगोहून आलेल्या सुमारे पन्नास पोलिसांवर बायकांनी दगडांचा मारा केला. अशा लढ्यांतूनच १८८६ चा कायदा आला आणि कुळांना जमिनीवरून हुसकणं बंद झालं. त्याआधी मात्र बोरेरेग आणि सुइश्निश ही गावं मेंढ्यांसाठी रिकामी करून झाली होती. त्यांच्या पडक्या भिंती आजही गवतात उभ्या आहेत. पर्यटक ज्याला ‘अस्पर्श निसर्ग’ म्हणतो, तो बराचसा असा साफ केलेला आहे.

मालकीचा वाद नव्या शतकातही मिटलेला नव्हता. २००० साली मॅक्लाउड घराण्याच्या प्रमुखाने डनव्हेगन किल्ल्याचं गळकं छप्पर दुरुस्त करायला काळा कूलिन एक कोटी पौंडांना विक्रीला काढला. डोंगर मुळात त्याचा आहे का, इथूनच गदारोळ उठला आणि विक्री बारगळली. पुढे २००३ च्या स्कॉटिश कायद्याने, जबाबदारीने वागण्याच्या अटीवर, डोंगरमाळावर फिरण्याचा हक्क सगळ्यांना दिला. मालक कुणीही असो, ट्रायपॉड लावायला कुणाला विचारावं लागत नाही. हैराण करतात ती चिलटं, इथले ‘मिज’. तळ्यात कूलिनचं स्वच्छ प्रतिबिंब हवं तर वारा पडायला हवा, आणि उन्हाळ्यात वारा पडला की मिजांचे थवे तोंडावर. त्यापेक्षा एप्रिलमध्ये जावं. माथ्यावर बर्फही असतो.