गोऱ्या व्याह्यांस चार सूचना

आमच्या शेजारच्या काकूंचा मुलगा जर्मनीत असतो. त्याने तिकडचीच मुलगी केली. लग्नही तिकडेच झाले, कारण काकूंजवळ पासपोर्ट नव्हता आणि मुहूर्ताजवळ सवड नव्हती. काकूंनी मुलाच्या लग्नाच्या अक्षता देवरूखात, मोबाइलच्या काचेवर टाकल्या. त्याबद्दल त्या कधी काही बोलल्या नाहीत. पण तो विषय निघाला की त्यांना हटकून चुलीवरचे दूध आठवते.

गेल्या दिवाळीला सूनबाईंचे आईवडील इकडे यायचे ठरले. मुलगा आणि सून मागाहून येणार. व्याही-विहीण दोन दिवस मुंबई पाहून पुढे कोकण रेल्वेने संगमेश्वर रोडला उतरणार. काकू माझ्या ओटीवर आल्या.

“तू मराठीचा प्राध्यापक ना रे? मग मुंबईत कसं वागायचं ते त्यांना लिहून दे. तिथेच त्यांचं मन विटलं तर माझ्या अंगणापर्यंत येतीलच कशाला?”

“काकू, मी देवरूखचा. मुंबईबद्दल मी काय सांगणार?”

“तूही पहिल्यांदा घाबरलाच होतास की!”

हे मात्र खरे. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाला. त्याआधी आम्ही एस.टी.ने रात्रभर हाडे खिळखिळी करून घेत मुंबईला जात असू. मामांचा हात सोडून मी दादरच्या फलाटावर उभा राहिलो, तेव्हा माझ्याइतका परदेशी माणूस त्या फलाटावर दुसरा नसेल. तेव्हा लिहायला बसलो. मी मराठीत लिहायचे, काकूंच्या मुलाने जर्मनमध्ये उतरवायचे, असा करार झाला.

पहिली सूचना रस्ता ओलांडण्याविषयी. मुंबईत रस्ता मोकळा होण्याची वाट पाहू नये. आपला परतीचा व्हिसा संपेल. चार माणसे निघाली की त्यांच्या मधोमध शिरावे आणि सारख्या चालीने चालावे. मध्येच थबकू नये, मागे तर मुळीच पळू नये. मोटारवाल्याने तुमच्या चालीचा हिशेब मांडलेला असतो, तो तुम्ही बिघडवता.

हॉर्नचा राग मानू नये. तुमच्याकडे हॉर्न म्हणजे शिवी असते. आमच्याकडे तो “मी आलो हं” एवढाच निरोप असतो. ट्रकच्या पाठीवरच्या ‘हॉर्न ओके प्लीज’ला महाराष्ट्रात २०१५ साली बंदी आली. बंदी अक्षरांना होती, आवाजाला नव्हती.

पत्ता तीन जणांना विचारावा. ‘ठाऊक नाही’ म्हणणे आमच्याकडे पाहुण्याचा अपमान समजतात, म्हणून प्रत्येक जण काही तरी सांगतोच. दोघांची दिशा जुळली की निघावे. रिक्षा माहीम-शीवच्या अलीकडे, म्हणजे खालच्या मुंबईत, मिळत नाही, तेथे टॅक्सी. बसण्यापूर्वी मीटरकडे बोट दाखवावे, भाषेची गरज पडत नाही.

आता लोकल. येथे माझी लेखणी बराच वेळ रेंगाळली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली, तेव्हा १४ डब्यांत सुमारे ४०० निमंत्रित होते. सगळ्यांना ऐसपैस जागा मिळण्याचा तो बहुधा शेवटचाच दिवस. आता एका चौरस मीटरवर १४ ते १६ माणसे उभी राहू लागल्यावर रेल्वेला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असा शब्दच काढावा लागला. म्हणून लिहिले, की सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ लोकल फक्त पुलावरून पाहावी. दुपारी मात्र अवश्य बसावे. गाडी थांबण्यापूर्वी दाराशी उभे राहावे; उतरवण्याचे काम मागची मंडळी करतात.

आणि दुसऱ्या वर्गाचा बाक तिघांचा असतो, पण त्यावर चौघे बसतात. चौथा येतो, नुसता उभा राहून पाहतो किंवा “जरा सरकून घ्या” म्हणतो. तिघे वर्तमानपत्रातून डोके न काढता सरकतात. त्याला वीतभर जागा मिळते, एक पाय वाटेत राहतो. कोणी उपकार केल्यासारखे वागत नाही आणि आभारही मानीत नाही. माझ्या पहिल्या प्रवासात मामांनी मला असेच बसवले होते. त्या वीतभर जागेवर बसल्याबरोबर माझी भीती गेली होती.

दुसऱ्या दिवशी रात्री जर्मनीहून फोन. “सर, ‘सरकून घ्या’ला इकडे शब्दच नाही हो! ‘सरका’ म्हटलं तर हुकूम होतो, ‘कृपया’ लावलं तर अर्ज होतो.”

मी म्हटले, “अर्थ दे आणि शब्द तसाच ठेव.” शिवाय दोन सूचना घातल्या: निघताना आम्ही ‘येतो’ म्हणतो, त्यामुळे माणूस परत येईल म्हणून थांबून राहू नये, आणि ताटावर ‘नको’ म्हटले की वाढणारी ‘आग्रह करा’ असे ऐकते, तेव्हा हात आडवा धरावा.

व्याही-विहीण आले. सूचनांचा कितपत उपयोग झाला कोण जाणे! मुंबईत त्यांनी हरवलेली छत्री, उन्हाने लाल झालेले नाक आणि टॅक्सीवाल्याबरोबर काढलेला फोटो एवढा ऐवज आणला. काकू मात्र दोन दिवस नुसत्या वाढत होत्या. स्वयंपाकघरातून बाहेर यायच्या, फराळाची ताटली ठेवायच्या, पुन्हा आत. समोर बसणे म्हणून नाही.

पाडव्याच्या संध्याकाळी ओटीवरच्या झोपाळ्यावर व्याही, विहीण आणि सूनबाई बसली होती. काकू चकल्या घेऊन आल्या आणि उंबऱ्याशी थबकल्या. व्याह्यांनी त्यांच्याकडे पाहिले, बायको-मुलीला कोपराने ढोसले आणि मोठ्याने म्हणाले, “झरा, सर्कून ग्या!”

तिघेही सरकली. वीतभर जागा झाली. काकूंनी ताटली माझ्या हातात दिली, पदर सावरला आणि एक पाय जमिनीला टेकवून त्या जागेवर बसल्या. मुलाने फोटो काढायला मोबाइल वर केला.

“अरे, मला नीट बसू तर दे!” काकू म्हणाल्या.