वाफसा

पाऊस उघडला की आपल्याकडचे शेतकरी एकमेकांना विचारतात, "वाफसा आला का?" हा शब्द तुम्हीही ऐकला असेल. वाफसा म्हणजे काय?

मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात. जोराचा पाऊस पडला की त्या पाण्याने भरतात आणि त्यांतील हवा बाहेर जाते. अशा वेळी मुळांना श्वास घेता येत नाही. काही दिवसांनी मोठ्या पोकळ्यांतील पाणी खाली झिरपते व तेथे पुन्हा हवा शिरते. लहान पोकळ्यांत मात्र पाणी टिकून राहते. ही स्थिती म्हणजे वाफसा. उर्दूत आपण जिला 'नमी' म्हणतो, ती ओल. वाफशात ओलीबरोबर हवाही असते. एवढा अर्थ एका शब्दात सांगणारी भाषा शिकायला मजा येते, नाही का?

जालना जिल्ह्यात काळी माती पुष्कळ आहे. तिच्यातील चिकणमातीचे कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही लहान असतात. त्यामुळे ती खूप पाणी साठवते. पावसाळा संपताना पेरलेली ज्वारी या साठलेल्या ओलीवरच वाढते. पण एक गोष्ट लक्षात घ्या. ओल कमी होत गेली की उरलेले पाणी कणांना घट्ट चिकटते. मुळांना ते ओढून घेता येत नाही. म्हणजे मातीत पाणी असूनही पीक सुकते!

काळी माती वाळली की आकसते आणि तिला भेगा पडतात. या भेगांतून खोलवरची ओलही उडून जाते. म्हणून शेतकरी कोळपणी करतात. कोळप्याने वरची माती भुसभुशीत होते, भेगा बुजतात आणि आतली ओल टिकते.

मुरमाड जमिनीत उलटे घडते. तेथे पाणी लवकर खाली निघून जाते.

आता आपल्या मोसंबीकडे पाहू. तिच्या मुळांशी पाणी साचलेले चालत नाही; पण झाड बारा महिने हिरवे असल्यामुळे पानांतून पाणी सतत उडत असते. ज्वारी काही महिन्यांत तयार होते. मोसंबीला उन्हाळाही काढावा लागतो. २०१२-१३ च्या दुष्काळात विहिरी आटल्या. शेतकऱ्यांनी टँकरने पाणी आणून बागा जगवल्या. तरीही जिल्ह्यातील कितीतरी बागा वाळल्या. मोसंबीला फळे येण्यासाठी काही वर्षे वाट पाहावी लागते. म्हणजे एका उन्हाळ्यात अनेक वर्षांची मेहनत गेली.

त्याच जालना तालुक्यातील कडवंची गावात मात्र द्राक्षबागा टिकल्या. तेथे १९९६ पासून खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीने पाणलोटाचे काम झाले होते. डोंगरउतारावर चर खोदले, शेतांना बांध घातले. पूर्वी धावत ओढ्याला जाणारे पाणी आता अडू लागले आणि जमिनीत मुरून विहिरींना मिळू लागले. पुढे गावकऱ्यांनी शेततळीही खोदली. ठिबकने थोडे थोडे पाणी दिले, की मुळांजवळ ओल राहते आणि हवाही राहते. पावसाने आणलेला वाफसा चार दिवसांचा. कडवंचीचे शेतकरी तो उन्हाळ्यातही झाडापाशी ठेवतात.